घाम न वाळणारं शहर

विदर्भातल्या माणसाला उन्हाची ओळख करून द्यावी लागत नाही. माझं बालपण अमरावतीत गेलं आणि बांधकामावरच्या नोकरीची पहिली वर्षंही अकोला-अमरावतीकडेच गेली. मे महिन्यात पारा ४४-४५वर जाणार, दुपारी बाजार ओस पडणार, रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकायच्या, हे आमच्याकडे ठरलेलं. कूलरच्या टाकीत पाणी भरणं हे घरातल्या मुलांचं काम असे. डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय आई उंबरठा ओलांडू देत नसे. त्यामुळे चेन्नईच्या साइटवर बदली झाली तेव्हा जेवणाबद्दल, भाषेबद्दल, घरभाड्याबद्दल सगळे बोलले, उन्हाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिकडे पारा ३६-३७च्या घरात असतो, म्हणजे आपल्यापेक्षा सात-आठ अंशांनी कमीच, असा सगळ्यांचा हिशेब होता.

एप्रिलमध्ये मी रुजू झाले. शहराच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यालगत, उंच निवासी इमारतींचं काम चाललं होतं. समुद्र तिथून फार लांब नाही. सकाळी नऊलाच कुर्ता अंगाला चिकटायचा आणि संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तसाच ओला राहायचा. हेल्मेटच्या आतल्या पट्टीतून घाम डोळ्यांत उतरायचा, हातातल्या ड्रॉइंगवर ठिपकायचा. सेफ्टी शूजमधले मोजे पिळून काढावे लागायचे. सात मजले चढून गेलं की छातीतली धडधड निवायला वेळ लागायचा. अमरावतीच्या ४४ अंशांत दिवसभर उभी राहणारी मी इथं ३५ अंशांत दुपारी तीनला गळून जात होते. भोवतीचे कामगार तर माझ्यापेक्षा कितीतरी जड काम करत होते. माझं एकटीचं असतं तर सवय होईल म्हणून सोडून दिलं असतं. पण शेकडो माणसांचं दिवसाचं काम ज्या कागदावर ठरतं तो कागद मी तयार करत होते. म्हणून हे नेमकं काय चाललंय ते समजून घेणं मला भाग होतं.

शरीराचा हिशेब तसा सरळ आहे. नुसत्या बसलेल्या माणसाच्या अंगातही साधारण १०० वॅट उष्णता सतत तयार होत असते. सळ्या वाहणं, घमेली चढवणं, शटरिंगच्या प्लेटा उचलणं अशा कामात ती चौपट आणि त्याहूनही जास्त होते. हवा अंगापेक्षा बरीच गार असेल तर ही उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा ३५-३६ अंशांवर गेली की ती वाट जवळजवळ बंद होते आणि सगळा भार घामावर येतो. एक लिटर घाम अंगावर वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट एकच, तो वाळला पाहिजे. हनुवटीवरून ठिबकून जमिनीवर पडलेल्या घामानं अंग गार होत नाही. पाणी जातं, मीठ जातं आणि उष्णता आतच राहते.

घाम वाळायला हवेत किती वाव आहे हे मोजता येतं. थर्मामीटरच्या टोकाला ओलं मलमल गुंडाळायचं आणि त्यावर वारा घालायचा. पाणी उडत जातं तसा पारा उतरतो आणि एका जागी थांबतो. ते वेट बल्ब तापमान. अमरावतीची मेमधली दुपार ४४ अंशांची आणि १५ टक्के आर्द्रतेची धरली तर ते २३च्या आसपास येतं. चेन्नईची दुपार ३६ अंशांची आणि ६५ टक्के आर्द्रतेची धरली तर ते ३०वर जातं. साधा पारा आठ अंशांनी खाली आणि हा ओला पारा सात अंशांनी वर! आमच्याकडचा वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ४४ अंशांची हवा २७-२८वर का आणू शकतो आणि इथं तोच कूलर खोलीत फक्त दमटपणा का वाढवतो, याचंही उत्तर याच दोन आकड्यांत आहे.

वेट बल्ब तापमान ३५ झालं की धडधाकट माणूस सावलीत पाणी पीत बसला तरी काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असं शेरवूड आणि ह्युबर या दोन शास्त्रज्ञांनी २०१०मध्ये मांडलं. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ३१च्या आसपासच शरीराला उष्णता आवरेनाशी होते असं दिसलं. आणि तेही हलक्या हालचालींवर. सळईचा भारा खांद्यावर घेऊन जिना चढणारा माणूस त्या प्रयोगात नव्हता.

आम्हा सिव्हिलच्या लोकांचं बाष्पीभवनाशी जुनं वैर असतं. अकोल्याकडे मेमध्ये स्लॅब टाकला की डोळ्यांदेखत पृष्ठभाग पांढरा पडायला लागतो. दर चौरस मीटरमधून तासाला एक किलोपेक्षा जास्त पाणी उडू लागलं की काँक्रीट घट्ट व्हायच्या आतच त्याला भेगा पडतात. म्हणून ओली गोणपाटं, वाऱ्याच्या बाजूनं आडोसा, पहाटेचं काम, आणि नंतर आळी बांधून पाणी साठवणं, यातच आमचा उन्हाळा जायचा. चेन्नईत पहिला स्लॅब टाकला तेव्हा मी सवयीनं भेगांची वाट बघत उभी होते. पृष्ठभाग कितीतरी वेळ ओलसर राहिला. काम नितळ झालं. शेजारी मात्र फिनिशिंग करणारी माणसं न्हाऊन निघाल्यासारखी भिजलेली होती आणि त्यांच्या अंगावरचंही पाणी तसंच राहिलं होतं. तिकडची जी कोरडी हवा माझा स्लॅब बिघडवायची तीच आमच्या माणसांना तगवत होती. इथली ओलसर हवा काँक्रीटला मानवत होती आणि माणसाच्या जिवावर उठत होती. त्या दिवशी मला नीट उमगलं की विदर्भातून आणलेली माझी उन्हाळ्याची सगळी शहाणीव इथं उलटी करून वापरायची आहे.

ती नव्यानं शिकवली इथल्याच माणसांनी. साइटवर एक वयस्क गवंडी होते. गवंड्याला इकडे कोत्तनार म्हणतात, पण त्यांना सगळे मेस्त्रीच म्हणत. सकाळी साडेअकराच्या सुमाराला ते हातातली थापी बाजूला ठेवायचे, खांद्यावरचा टॉवेल झटकायचे आणि पूर्वेकडे तोंड करून म्हणायचे, “पन्नेंडु मणिक्कु कात्तु वरुम, मॅडम.” बाराला वारा येईल. बहुतेक दिवशी तो यायचाच. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि समुद्रावरची हवा आत शिरते, हे भूगोलात शिकलेलं होतं. पण मेच्या दुपारी चेन्नईचं निम्मं आयुष्य त्या वाऱ्याच्या वेळेवर बेतलेलं असतं, हे इथं राहूनच कळलं. वारा समुद्राची ओल सोबत आणतो हे खरं. पण तो पाराही थोडा उतरवतो आणि वाहत्या हवेत घाम जरा तरी वाळतो.

कधीकधी हा वारा येत नाही. पश्चिमेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोरात असले की ते समुद्राच्या वाऱ्याला किनाऱ्यावरच थोपवून धरतात. मग पारा चाळिशी ओलांडतो. चेन्नईत नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत ३१ मे २००३ रोजी ४५ अंशांची नोंद झाली आहे. ४ मेच्या सुमाराला सुरू होऊन २८ मेपर्यंत चालणाऱ्या कडक उन्हाच्या काळाला इथं अग्नी नक्षत्रम् म्हणतात, बोलताना कत्तिरी. आपल्याकडचा नवतपा त्याच्या शेवटाला येतो. कत्तिरीच्या दिवसांत वडीलधारी माणसं घरातल्यांना दुपारी बाहेर पडू देत नाहीत. रस्त्याकडेला झावळ्यांचे मांडव घालून तण्णीर पंदल उभे राहतात. तिथं पाणी मिळतं, कधी ताक, कधी कलिंगडाच्या फोडी. आपल्या पाणपोईचंच हे भावंड.

मेस्त्रींचा वारा आम्ही पुढे वेळापत्रकात घेतला. तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात, इमारतीच्या आतल्या खोल्यांत हा वारा पोचत नाही. तिथलं प्लास्टर, वॉटरप्रूफिंग सकाळी लवकर उरकायचं. पूर्वेच्या बाजूचं, उघड्यावरचं पण सावलीतलं काम दुपारनंतर ठेवायचं. तळघरात हवा खेळवण्यासाठी मोठे पंखे लावायचे. एवढ्या साध्या अदलाबदलीनंही माणसांच्या चेहऱ्यात फरक दिसायला लागला.

दुसरी शिकवण जेवणाच्या सुट्टीत मिळाली. बांधकामावर मदतनीस म्हणून काम करणाऱ्या बायकांना इकडे चित्ताळ म्हणतात. त्यांच्यातल्या एका अक्कांचा डबा मी जवळून पाहिला. स्टीलच्या उभ्या डब्यात आदल्या रात्रीचा भात, पाण्यात भिजवून ठेवलेला. रात्रभरात तो थोडा आंबतो, पाण्याला किंचित पांढुरकेपणा येतो. अक्कांनी त्यात ताक ओतलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि पाची बोटांनी भात कुस्करला. डब्याच्या झाकणात चार सोललेले छोटे कांदे आणि तळलेल्या मोर मिळगाय होत्या. ताकात मुरवून उन्हात वाळवलेली ही मिरची, आपल्या सांडग्या मिरचीची जवळची नातलग. भात खाऊन झाल्यावर अक्कांनी डबा तोंडाला लावून राहिलेलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलं आणि मला म्हणाल्या, “पळैय सादम, मॅडम. उडंबुक्कु कुळिर्च्ची.” अंगाला थंडावा.

त्या डब्यात पाणी होतं, मीठ होतं, पचायला हलकं अन्न होतं. घामातून जे गेलं ते सगळं परत मिळण्याची सोय होती. असंच कंबंकूळ असतं, बाजरीच्या आंबवलेल्या पिठाचं; आमच्याकडे ज्वारीची आंबील करतात त्याच जातीचं. नीर मोर म्हणजे आलं, कढीपत्ता, हिरवी मिरची घातलेलं पातळ ताक. नुंगू म्हणजे ताडगोळे, हातगाडीवर ताडफळ कोयत्यानं फोडून देतात. शहाळी तर कोपऱ्याकोपऱ्यावर. मी घरी पन्हं करत राहिले, पण साइटवर जाताना बाटलीत नीर मोर न्यायला लागले. दुपारी डबाभर पोळी-भाजीच्या जागी दहीभात आला. जेवणानंतर अंगावर येणारी सुस्ती त्यानं निम्म्यावर आली.

पाण्याची गोष्ट मात्र नुसत्या पाण्याची नव्हती. उन्हात काम करताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावं, हे सुरक्षेच्या प्रत्येक पाटीवर लिहिलेलं असतं. माझ्या लक्षात आलं की चित्ताळ बायका सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याला जवळपास शिवतच नाहीत. विचारलं तर हसून विषय टाळायच्या. एकदा अक्काच म्हणाल्या, पाणी प्यायलं तर जायचं कुठे? बायकांसाठीचं शौचालय साइटच्या दुसऱ्या टोकाला होतं. जाऊन यायला वीस मिनिटं लागत आणि तेवढ्यात मुकादमाची हाक येई. म्हणून बायका तहानच मारत होत्या. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६च्या कायद्यात पिण्याचं पाणी आणि शौचालय दोन्ही साइटवर देणं बंधनकारक केलेलं होतं. कायद्यात त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी असतील, उन्हाळ्यात त्या एकच आहेत. शौचालय लांब असेल तर पाण्याचा पिंप भरून काही उपयोग नाही. मी स्वतः साइटवर काम करणारी बाई असल्यामुळे हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. इमारतीत ठरावीक मजल्यांवर बायकांसाठी तात्पुरती शौचालयं बसवण्याची मागणी मी लेखी दिली आणि ती मान्य होईपर्यंत दर आठवड्याच्या मीटिंगमध्ये मांडत राहिले. शौचालयं झाली तेव्हा पाण्याच्या पिंपापाशी बायका दिसायला लागल्या.

इथल्या माणसांकडे हे शहाणपण पिढ्यांचं आहे: वाऱ्याची वेळ, आंबवलेला भात, दुपारची विश्रांती. पण चेन्नईच्या बांधकामांवर मोठ्या संख्येनं कामगार येतात ते झारखंड, बिहार, ओडिशा, बंगालमधून. दोन दिवस रेल्वेच्या गर्दीत काढून ते उतरतात आणि पत्र्याच्या खोल्यांत राहायला जातात. हजेरी लागली तरच पैसे, म्हणून दुसऱ्या दिवशीच कामाला लागायचं. त्यांच्याबरोबर ना ही हवा ओळखणारं घर असतं, ना पळैय सादमचा डबा.

नव्या हवेला सरावायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, नाडी आटोक्यात येते. हे बदल नुसतं मन घट्ट केल्यानं होत नाहीत, रोज थोडं-थोडं काम करूनच होतात. अमेरिकेतली कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी नायॉश ही संस्था सांगते की, अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातल्या पूर्ण कामाच्या २० टक्केच काम द्यावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यावं. उष्माघातानं दगावणाऱ्या कामगारांमध्ये कामाचे पहिलेच काही दिवस असलेल्यांचं प्रमाण मोठं असतं.

आमच्या साइटवर झारखंडहून नुकताच आलेला एक तरुण बारबेंडर होता. मेमधली दुपार, वरच्या मजल्यावर स्लॅबची सळई बांधायचं काम. लोखंडावर हात ठेववत नव्हता आणि वाराही पडलेला होता. चारच्या सुमाराला तो विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायला लागला, मग हुक हातातून पडला आणि तो सळ्यांवरच बसला. अंग घामानं ओलं होतं, पण हात लावला तर भाजत होतं. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही. कष्टाचं काम करणाऱ्याला तो घाम येत असतानाही होतो. बोलणं-वागणं बिघडलं हीच खरी खूण. आमच्या सेफ्टी ऑफिसरनं आधी गार करा, मग हलवा, असं ओरडून सांगितलं आणि ते अगदी बरोबर होतं. त्याला क्रेनच्या पाळण्यातून खाली सावलीत घेतलं, कपडे सैल केले, अंगावर पाण्याचा पाइप सोडला. बर्फ हवा होता. तो साइटवरच होता, बॅचिंग प्लांटवर, काँक्रीटसाठी आणलेला. पोती भरून तो बर्फ आणला. मानेभोवती, काखेत, जांघेत ठेवला, पंखा लावला. गाडी येईपर्यंत तो डोळे उघडून नीट नाव सांगायला लागला होता. काही दिवसांनी तो बरा होऊन आला, आणि आम्ही त्याला हलक्या कामावर घेतलं.

त्या बर्फाचा विचार माझ्या डोक्यातून जाईना. काँक्रीटला उष्णतेपासून जपायला आमच्याकडे सगळी व्यवस्था असते. भारतीय मानक आयएस ७८६१ प्रमाणे हवा किंवा ओतायचं काँक्रीट ४० अंशांच्या वर जात असेल तर खास काळजी घ्यावी लागते. जाड राफ्टसारख्या कामात मर्यादा त्याहून बरीच खाली असते. म्हणून खडी सावलीत ठेवतात, तिच्यावर पाणी मारतात, मिश्रणात पाण्याऐवजी बर्फ घालतात, रात्री काम करतात. प्रत्येक ट्रान्झिट मिक्सर आला की थर्मामीटर खुपसून तापमान रजिस्टरात लिहितात, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला तर गाडी परत पाठवतात. तेच काँक्रीट पसरणाऱ्या माणसासाठी ना थर्मामीटर होता, ना रजिस्टर, ना मर्यादा. हे कुणाच्या दुष्टपणामुळे झालेलं नव्हतं. काँक्रीट बिघडलं तर ते कुणाच्या खर्चात जातं हे कागदावर लिहिलेलं असतं. माणूस कोसळला तर तो त्याच्या नशिबाच्या खात्यात जातो. मला हे खातं बदलायचं होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी तीच भाषा वापरली जी काँक्रीटसाठी वापरतो. माणसांसाठीही मोजमाप, नोंद आणि मर्यादा. ओला कपडा गुंडाळलेला थर्मामीटर आणि साधा थर्मामीटर शेजारी-शेजारी लावून दिवसातून ठरलेल्या वेळी आकडे फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पुढे ऊन, वारा, ओल सगळं एकत्र धरणारं डब्ल्यूबीजीटीचं यंत्र आलं. आकडा वाढला की प्रत्येक तासातली विश्रांती वाढणार, हे आधीच ठरवलं. उघड्यावरचं जड काम सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी साडेतीननंतर. मोठे स्लॅब रात्री. नव्या माणसाच्या हेल्मेटला पहिले दोन आठवडे वेगळ्या रंगाची पट्टी, म्हणजे मुकादमाला सांगावं न लागता कळेल की याला पूर्ण काम द्यायचं नाही आणि एकटं सोडायचं नाही. आणि हे सगळं हजेरी पूर्ण धरून. नाहीतर पैसे बुडतात म्हणून पट्टी पहिल्याच दिवशी काढून फेकली असती. मिठाचं लिंबूपाणी, ताक, ओआरएस. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण हिंदी, तमिळ, बंगाली, उडियात लिहून लावलं. अंगात हवा कोंडणारी जाड जॅकेटं बदलून जाळीची आणली. लेबर कॅम्पच्या पत्र्यांना वरून पांढरा रंग दिला, खोल्यांत जास्तीचे पंखे बसवले, कारण दिवसभर तापलेलं अंग रात्री निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं काम आधीच वजा झालेलं असतं.

कामाला उशीर होईल ही सगळ्यांची धास्ती होती. तसं झालं नाही. दुपारी बारा ते तीन या वेळात पूर्वी जे काम होत होतं ते निम्म्या वेगानं होई आणि त्यातलं बरंच पुन्हा करावं लागे. तो वेळ गेला तरी बाकीच्या तासांत काम नीट उतरू लागलं. केरळमध्ये कामगार खातं दर उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन उघड्यावरचं काम बंद ठेवायला लावतं. २०२४मध्ये तामिळनाडू सरकारनं उष्णतेची लाट ही राज्याची आपत्ती म्हणून जाहीर केली. ही पावलं महत्त्वाची आहेत. तरी एक गोष्ट साइटवरच्या माणसानं लक्षात ठेवावी लागते. हवामान खातं किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार करतं ते पारा ३७वर गेल्यावर आणि तोही नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेला असेल तेव्हा. दमट चेन्नईत ३४-३५ अंशांचा, कोणताही इशारा नसलेला दिवसही जड काम करणाऱ्याला पुरेसा घातक असतो. इशाऱ्याची वाट बघून काम आखता येत नाही.

घरात मी हळूहळू रुळले. आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, पश्चिमेच्या खिडक्या दुपारी बंद, पूर्वेच्या उघड्या. गच्चीला त्या दरवर्षी चुन्याचा पांढरा थर देत. मी सैल सुती कपडे, दोन वेळा अंघोळ, पिशवीत मोज्यांचे जास्तीचे जोड, अंग नीट कोरडं करणं, या गोष्टी कामाच्या शिस्तीसारख्या पाळायला लागले. घामोळ्या आणि नायटा हे इथं किरकोळ दुखणं नसतं. त्यानं झोप जाते आणि झोप गेली की साइटवर लक्ष जातं. साधं मीठ बरणीत पाणी धरतं, पापड डब्यात मऊ पडतात, चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. या सगळ्याला लवकरच हात सरावले.

सर्वांत कठीण गेला तो जून. मृग निघाला की विदर्भात माणसं आभाळाकडे बघायला लागतात. महिनाअखेरीपर्यंत आईचा फोन यायचा, पाऊस लागला, कूलर उचलून ठेवला. चेन्नईत नैर्ऋत्य मोसमी पावसाची सुटका तशी मिळत नाही. संध्याकाळी अधूनमधून वादळी सर येते, पण खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरमधला. मार्चमध्ये सुरू झालेली उकाड्याची हवा सप्टेंबरपर्यंत पुरते. दीड-दोन महिन्यांचा उन्हाळा दात-ओठ खाऊन काढता येतो. अर्ध्या वर्षाचा काढता येत नाही. म्हणूनच इथल्या लोकांनी तो सहनशक्तीवर न सोडता रोजच्या रिवाजात बसवला आहे.

दक्षिणेत कामासाठी येणाऱ्या आपल्या मुला-मुलींना मी सांगते, पाऱ्याचा आकडा बघून निश्चिंत होऊ नका, ओल किती आहे ते बघा. पहिले दोन आठवडे शरीराला द्या. तहान लागायच्या आधी प्या आणि मीठ विसरू नका. स्थानिक माणूस काय खातो, कधी थांबतो, कोणत्या बाजूला तोंड करून बसतो ते बघा आणि तसंच करा. पण जे माझ्यासारखे वेळापत्रक आखण्याच्या जागेवर आहेत त्यांच्यासाठी एवढ्यावर भागत नाही. ऊन सोसणं ही आपण माणसाची पात्रता समजत आलो. ‘याला सवय आहे’ असं म्हणून पुढे जात आलो. सवय ही वेळ, पाणी, सावली आणि विश्रांती मिळाल्यावर तयार होते, आणि त्या चारही गोष्टी सळई बांधणाऱ्याच्या हातात नसतात. त्या ज्याच्या हातात असतात त्यानं त्या सिमेंट आणि स्टीलच्या बरोबरीनं, कामाचा खर्च म्हणून, पहिल्या पानावर धरायला हव्यात. उन्हाळ्याच्या कामांचा आराखडा मी आता करते तेव्हा आधी विश्रांतीचे तास भरते, पाण्याच्या आणि शौचालयांच्या जागा खुणावते, नव्या माणसांचे पहिले दोन आठवडे वेगळे काढते. उरलेल्या तासांत काम बसवते. त्या तासांत ते बसतं, आणि जिथं बसत नाही तिथं मी मुदत वाढवून मागते.